कयाक उलटली तरी बॅटरी जागची हलू नये: फिश फाइंडरची बॅटरी पक्की कशी बसवावी

फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र, कोणता घ्यावा यावर गरवणारे तासभर वाद घालतील, पण बॅटरी कुठे बसवलीय असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "डब्यात आहे, मागे ठेवलीय." आणि ती खरोखरच नुसती ठेवलेली असते. खाडीच्या संथ पाण्यात ते खपून जातं. खाडीच्या मुखाशी, जिथे ओहोटीचं पाणी बाहेरच्या लाटांना भिडतं, तिथे मात्र कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची ती अरुंद होडी, कलंडली की दोन-सव्वादोन किलोचा शिशाचा ठोकळा सुटतो, वायर ओढतो, फाइंडरचं सॉकेट उपटतो आणि बरेचदा तळ गाठतो. कयाकच्या पोटात सुटला तर आणखी वाईट. कयाक सरळ करायला जावं तर ते वजन एका कडेला लोळत राहतं आणि ती परत कलंडायला बघते.

म्हणून खालचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घेतलाय: कयाक पूर्ण उलटी झालीय असं धरायचं आणि मग बॅटरी कुठे आहे ते बघायचं. जलरोधक डबा हे त्याचं अर्धंसुद्धा उत्तर नाही. डबा पाण्याला अडवतो. बॅटरीला अडवायचं काम वेगळं करावं लागतं.

इथे डोळ्यांसमोर आहे ती दहा ते तेरा फुटी, पॉलिइथिलीनची सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे जिच्या वर बसतात ती. फुगवायची कयाक असेल तर भोकं आणि बोल्टचा भाग सोडून द्या, बाकीचं लागू आहे.

आधी बॅटरी ठरवा, डबा नंतर

सर्वांत सहज मिळते ती कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) बंद लेड-ॲसिड बॅटरी. कुठल्याही तालुक्याच्या गावी बॅटरीच्या दुकानात असते. साधारण १५ सेंमी लांब, साडेसहा सेंमी रुंद, टर्मिनलसकट १० सेंमी उंच आणि वजनाला दोन किलोच्या वर. तेवढ्याच आकारात लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मिळते, तिचं वजन किलोभर.

किती एएच लागतील हा हिशेब सोपा आहे. चार-पाच इंची पडद्याचा फाइंडर साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतो, सात इंची अंदाजे एक अँपिअर. नेमका आकडा तुमच्या यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तोच धरा. अर्धा अँपिअर गुणिले आठ तास म्हणजे ४ एएच. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे ७ एएचमधले वापरण्याजोगे साडेतीनच. लिथियममधले ऐंशी टक्के, म्हणजे साडेपाचच्या वर, बिनदिक्कत वापरता येतात. सात इंची पडद्याला त्याच आठ तासांसाठी १० ते १२ एएचची लिथियम धरा.

माझं मत सरळ आहे: खिसा परवानगी देत असेल तर लिथियम घ्या, आणि कारण जास्त चालते हे नव्हे, तर हलकी आहे हे. निम्मं वजन म्हणजे उलट्या कयाकमध्ये पट्ट्यावर निम्मा ताण. पुढची सगळी कामं त्याने सोपी होतात. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. चार्जर लिथियम आयर्न फॉस्फेटचाच हवा, म्हणजे १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. लेड-ॲसिडचा जुना चार्जर, विशेषतः बॅटरीला 'पुनरुज्जीवित' करण्याची सोय असलेला, लावू नका. दुसरं, लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग आतलं संरक्षक सर्किट एकदम वीज तोडतं. त्यामुळे पडद्यावरचा व्होल्टचा आकडा बघून किती उरलीय याचा अंदाज करू नका, तास मोजा.

जाता जाता: अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला अशी बॅटरी आणायला सांगणार असाल तर वॅट-तास मोजा. १२.८ व्होल्ट गुणिले ७ एएच म्हणजे सुमारे ९० वॅट-तास. १०० च्या आतली सुटी बॅटरी टर्मिनलला टेप लावून केबिनच्या बॅगेत चालते. १० एएचची १२८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. चेक-इन बॅगेत मात्र सुटी लिथियम बॅटरी कधीच टाकायची नाही.

जागा: खाली, मध्याजवळ, हाताशी

तिन्ही एकदम मिळत नाहीत, ही खरी अडचण.

नाळेतला खण मोठा असतो, म्हणून बरेच जण बॅटरी तिथे ढकलतात. मी नाही म्हणेन. पुढचं टोक जड झालं की ते लाटेवर चढण्याऐवजी लाटेत घुसतं, वायर लांब होते, आणि समुद्रात असताना तिथे हात पोचत नाही. शिवाय टोकाशी हिसके सर्वांत जोराचे बसतात.

सीटच्या मागचा उघडा खड्डा, ज्याला टँकवेल म्हणतात, तिथे डबा दिसतो आणि सहज काढता येतो. पण तिथे तो डेकच्या, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीच्या, वर असतो, म्हणजे वजन वर जातं, आणि उलटल्यावर तो थेट पाण्यात लोंबकळतो. किलोभराच्या लिथियमसाठी ही जागा उत्तम आहे. सव्वादोन किलोच्या लेड-ॲसिडसाठी मला ती पसंत नाही.

तिसरी जागा म्हणजे पोटात, दोन पायांच्या मधल्या किंवा सीटच्या पुढच्या झाकणाखाली. वजन सर्वांत खाली आणि जवळजवळ मध्यावर येतं, ऊन लागत नाही, ट्रान्सड्युसरही, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा फाइंडरचा भाग, जवळ असतो. तोटा एवढाच की ते झाकण समुद्रात उघडायचं नाही. म्हणजे बंद-चालूची सोय बाहेर हवी आणि आतलं काम असं हवं की किनाऱ्यावर येईपर्यंत त्याच्याकडे बघावंच लागू नये. जड बॅटरीला हीच जागा द्या.

कुठेही ठेवा, तळावर टेकवू नका. कितीही चांगली झाकणं असोत, पोटात थोडं पाणी येतंच. खाली दोन-तीन सेंमी फोम असला की डबा त्या पाण्याच्या वर राहतो.

डबा

स्वयंपाकघरातला चारी बाजूंनी खटके असलेला, सिलिकॉनच्या रिंगचा हवाबंद डबा शिंतोड्यांना पुरतो. पण त्याचे खटके पातळ बिजागरीवर असतात आणि आतून जड बॅटरीने धक्का दिला की तेच आधी उघडतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा, स्क्रूने झाकण बसणारा जंक्शन बॉक्स जास्त भरवशाचा. त्यावर आयपी ६७ लिहिलंय का बघा. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. आयपी ६५ फक्त पाण्याच्या फवाऱ्यापुरता असतो, बुडायला नाही. आणि तुम्ही त्यात वायरसाठी भोक पाडलंत की कारखान्याचा आकडा संपला. पुढे तुमचं भोक जेवढं चांगलं, तेवढाच डबा चांगला.

बॅटरी आणि डब्याच्या भिंती यांच्यात सगळीकडून एक ते दोन सेंमी जागा राहील असा डबा घ्या आणि ती जागा फोमने घट्ट भरा. साधा स्पंज नको, तो खारं पाणी पितो. थर्माकोल चुरा होतो. योगाच्या चटईचा किंवा लहान मुलांच्या कोड्याच्या चटईचा ईव्हीए फोम चांगला. झाकणाच्या आतूनही एक तुकडा असा लावा की झाकण दाबूनच बंद व्हावं. डबा कानाशी धरून हलवला तर आवाज शून्य आला पाहिजे.

डबा तरंगेल का हेही आत्ताच मोजून घ्या. बाहेरून तीन लिटर आकारमानाचा बंद डबा सगळं मिळून तीन किलोपर्यंत वजन तरंगवतो. लेड-ॲसिडला ते काठावर जमतं, लिथियमला आरामात.

तापलेला डबा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि रिंगमधून पाणी ओढलं जातं. म्हणून झाकण सावलीत लावा, गाडीच्या तापलेल्या डिकीत नव्हे. आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकली तर बरं.

वायर, फ्यूज आणि एकच भोक

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, त्यामुळे लोक या भागाला हलकं घेतात. पण ७ एएचची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की क्षणभर शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह सोडू शकते. बारीक वायर त्यात लाल होते, आणि ती वायर प्लास्टिकच्या होडीच्या पोटात असते.

फ्यूज लाल वायरवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत, डब्यातच. अमेरिकन बोट-मानकांत हे अंतर साधारण १८ सेंमी धरतात. छोट्या फाइंडरना बहुधा ३ अँपिअरचा फ्यूज सांगितलेला असतो. माहितीपत्रकातला आकडा पाळा, "हाताशी होता म्हणून" दहाचा घालू नका. फ्यूज होल्डर मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

वायर एक चौरस मिमीची पुरते. कथील चढवलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या. उघडं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत हिरवं होत जातं आणि वरून काही दिसत नाही. टर्मिनलवर चपटे क्लिप दाबून बसवा, त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसणारी) चढवा, आणि शेवटी ग्रीसचा पातळ थर द्या. ओल्या डब्यात दोन उघडी टर्मिनलं म्हणजे खाऱ्या पाण्याचं विद्युत-विघटन: धन टोक झिजतं, आणि क्लोरीन व हायड्रोजन वायू सुटतात.

डब्यातून वायर बाहेर काढायला केबल ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळून पाणी अडवणारी चाकी, वापरा. पीजी ७ आकाराचा ग्लँड ३ ते साडेसहा मिमी जाडीच्या गोल केबलला घट्ट बसतो. दोन सुट्या वायरी एकाच ग्लँडमधून नेल्या तर मधल्या फटीतून पाणी येतं, म्हणून दुपदरी गोल केबल घ्या. ग्लँड झाकणावर नको, बाजूच्या भिंतीवर वरच्या अर्ध्यात हवा. बाहेर पडल्यावर केबल आधी खाली झुकू द्या आणि मग वर न्या, म्हणजे ओघळ ग्लँडपर्यंत पोचत नाही.

डब्याबाहेर हातभर अंतराच्या आत एक जलरोधक जोड ठेवा. बॅटरीच्या बाजूला झाकलेल्या पिनांचा अर्धा, फाइंडरच्या बाजूला उघड्या पिनांचा. उलट केलंत तर सुटलेलं टोक पाण्यात पडल्यावर जिवंत असतं. हा जोड जोराने ओढल्यावर सुटेल इतपतच घट्ट असावा, कारण काही सुटायचंच असेल तर जोड सुटावा, सॉकेट नको. पॉवरची केबल ट्रान्सड्युसरच्या केबलला चिकटून नेऊ नका, पडद्यावर रेघा येतात. ट्रोलिंग मोटर, म्हणजे कयाक ढकलणारी छोटी विजेची मोटर, असेल तर तिला वेगळी बॅटरी द्या. त्याचं कारणही हेच.

बांधणं: खरं काम इथे आहे

पॉलिइथिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. सिलिकॉन, एपॉक्सी, दुहेरी टेप, चिकट वेल्क्रो हे सगळं पहिल्या आठवड्यात पक्कं वाटतं आणि उन्हात तापून, मिठात भिजून एका बाजूने सुटायला लागतं. गोंदावर बॅटरीचं वजन टाकू नका. वजन पेलायचं ते पट्ट्याने, बोल्टने किंवा अडकवून बसवलेल्या फोमने.

पोटातल्या डब्यासाठी सर्वांत चांगली युक्ती एकही भोक न पाडणारी आहे. झाकणातून हात घालून तळ आणि डेक यांतलं अंतर मोजा. ईव्हीए फोमचे थर एकावर एक चिकटवून त्या अंतरापेक्षा अर्धा-एक सेंमी जाड ठोकळा करा. फोमला फोम फेविकॉल एसआर ९९८ सारख्या रबरी गोंदाने छान जुळतो. दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा. ठोकळ्यात डब्याच्या मापापेक्षा तीन-चार मिमी लहान खाच कापा, म्हणजे डबा दाबूनच आत जाईल. ठोकळा झाकणाच्या तोंडातून जाणार नसेल तर दोन तुकडे करून आत जोडा. तळ आणि डेक यांच्यात दाबून बसला की तो वर-खाली हलू शकत नाही.

पण पुढे-मागे सरकू शकतो, आणि लाटेवर आपटताना कयाक नेमकी त्याच दिशेने हिसका देते. इथे स्कपर उपयोगी पडतात. डेकवरचं पाणी खाली सोडणारी ही आरपार भोकं पोटात खांबांसारखी दिसतात. २५ मिमीचा पट्टा ठोकळ्याभोवती घेऊन जवळच्या एक-दोन खांबांना वळसा द्या. खांबावर पट्टा टेकतो तिथे फोमची पट्टी गुंडाळा. खांबाचा डेकशी आणि तळाशी असलेला सांधा हा कयाकचा नाजूक भाग असतो. घासून तिथे चीर गेली तर पोटात पाणी भरतं. पट्टा हाताने ताणा, रॅचेट लावून पिळू नका.

टँकवेलमध्ये बांधायचं तर डेकवर आधीच असलेल्या कड्या वापरा. कमी पडल्या तरच नवीन बसवा, आणि त्या पाण्याच्या रेषेच्या खाली कधीच नाही. कडी आतून हात पोचतो अशा जागी बसवलीत तर साधा बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉनचा नट सर्वांत मजबूत. हात पोचत नसेल तर रबरी वेल-नट किंवा तीन पाकळ्यांचा रिव्हेट, दोन्ही बाहेरूनच आवळता येतात. स्टील ३१६ प्रतीचं घ्या, ३०४ ला समुद्रात लवकर तांबूस डाग धरतात. ड्रिल हळू फिरवा, भोकाची कड साफ करा, आणि कडीखाली ब्यूटाइल टेपचा तुकडा द्या. इथे टेपचं काम पाणी अडवण्यापुरतंच, वजन बोल्टवर.

पट्टा पॉलिएस्टरचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. नायलॉन ओला झाला की लांबतो आणि सकाळी घट्ट बांधलेला डबा दुपारी डुगडुगतो. बकल कॅम जातीचं, ओढलं की पकडणारं. आणि बंजी, ते रबरी लवचीक दोर? ते टोपी आणि पाण्याची बाटली धरायला ठीक. बॅटरीला बंजी म्हणजे उलटल्यावर ती हातभर खाली येऊन परत वर आपटणार.

पट्टे दोन लागतात, एक आडवा, एक उभा. आडवा एकटाच असेल तर डबा त्याच्याखालून साबणासारखा निसटतो. डब्याच्या पुढे-मागे फोमचे आडसर घातले तर उभ्या पट्ट्यावरचा भार निम्मा होतो. शेवटी डब्याच्या कडीला फूटभर लांबीची दोरी बांधून ती कयाकला अडकवा. फूटभरच. लांब दोरी उलटताना पायांत गुंतते आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात माणूस अडकतो.

गवतावर आणि मग छातीभर पाण्यात

पहिली चाचणी बॅटरीशिवाय. तेवढ्याच वजनाची वाळू पिशवीत भरून डब्यात फोमसकट बसवा, डबा बांधा आणि डबा धरून कयाकचं ते टोक उचलून बघा. डबा बोटभरही सरकला नाही पाहिजे. मग दोघांनी कयाक गवतावर उलटी करा, धरून जोरात झटके द्या, टोकाच्या दिशेनेही द्या. सरळ करा, तपासा. सैल पडलेला पट्टा जिथे पडला, तिथे फोम कमी आहे. पट्टा आणखी आवळून ते दुरुस्त होत नाही.

दुसरी चाचणी पाण्यात. वारा पडलेला असताना, भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा), खाडीत छातीभर पाणी असेल तिथे, लाइफ जॅकेट घालून आणि सोबत कोणीतरी घेऊन. डब्यात वाळूच्या पिशवीबरोबर कोरडा टिश्यू पेपर ठेवा. कयाक मुद्दाम उलटी करा, पाचेक मिनिटं तशीच राहू द्या, पुन्हा चढा, थोडं वल्हवा आणि किनाऱ्यावर येऊन डबा उघडा. टिश्यूचा कोणता कोपरा ओला आहे त्यावरून पाणी कुठून आलं ते कळतं: ग्लँडच्या बाजूचा, की झाकणाच्या कडेचा. टिश्यू कोरडा निघेपर्यंत खरी बॅटरी आत जात नाही.

परतल्यावर आणि पावसाळ्यात

किनाऱ्यावर आल्यावर आधी जोड सोडा, मग डबा काढा. कयाक गाडीच्या टपावर चढवताना बॅटरी आत नको. डबा बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग उघडा. चार्जिंग नेहमी डब्याबाहेर आणि मोकळ्या हवेत; लेड-ॲसिड जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते आणि बंद डब्यात तो साठणं धोक्याचं आहे. महिन्यातून एकदा क्लिप हलवून बघा, पट्ट्याच्या शिवणी बघा, रिंगवरची वाळू काढा. वाळूचा एक कण रिंगखाली असला तरी आयपी ६७ ला काही अर्थ उरत नाही.

जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक नौकांनाही मासेमारी बंद असते आणि कयाक तर सप्टेंबरपर्यंत छपराखालीच बरी. त्या चार महिन्यांत बॅटरी सर्वांत जास्त मरतात. लेड-ॲसिड पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते परत विरघळत नाहीत. लिथियमचं उलट आहे, ती निम्मी भरलेली ठेवायची, वायर सोडून, कोरड्या कपाटात. फोमचा ठोकळा कयाकमधून काढून वाळवा आणि पट्टे सैल सोडा.

लेड-ॲसिड संपली की ती भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका, जिथून घेतली त्या दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भाव असल्यामुळे दुकानदार बहुधा नव्या बॅटरीच्या किमतीतून काही रक्कम वजाही करून देतो.